पन्नास शेअरांचा मालक

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे रेवदंड्याहून खारघरला मुलाकडे जातो. वडखळ नाक्यावरची वाहतूक कृपावंत असेल तर अकरापर्यंत पोहोचतो. जेवणे झाली की सौ. पिशव्यांची चळत काढते, यादी चष्म्यापुढे धरून एकदा वाचते आणि आमची वरात डी-मार्टकडे निघते. आत शिरले की ती डाळींकडे वळते आणि मी, एक निवृत्त गणिताचा मास्तर, गल्लीच्या तोंडाशी उभा राहून लोकांच्या ढकलगाड्या मोजतो. कोणाची किती भरली, पैसे चुकते करायच्या रांगा किती लांब, मागच्या महिन्यापेक्षा गर्दी कमी की जास्त. एकदा तिने हे पाहिले आणि भर गर्दीत म्हणाली, "अहो मालक, मोजून झाले असेल तर ती तेलाची पिशवी उचला!"

मालक हे खोटे नव्हे. या दुकानामागच्या अव्हेन्यू सुपरमार्ट्स या कंपनीचे पन्नास शेअर माझ्या नावावर आहेत. कंपनीचे एकूण शेअर साधारण ६५ कोटी. म्हणजे तिचे एक कोटी तीस लाख समान तुकडे केले, तर त्यातला एक माझा. एवढ्या मालकीवर तेलाची पिशवी उचलण्यावाचून दुसरा अधिकार मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण या पन्नास शेअरांनी गेल्या काही वर्षांत मला जे शिकवले, ते छत्तीस वर्षे सरळव्याज आणि चक्रवाढव्याज फळ्यावर लिहूनही मला समजले नव्हते. त्यातला एक धडा माझ्या लबाडीचा नसला तरी माझ्या हावरटपणाचा आहे, म्हणून तो आधी कबूल करून मग मत मांडावे म्हणतो.

आमच्या पिढीच्या मराठी घरात शेअर हा शब्द पत्त्यांच्या जोडाबरोबर उच्चारला जाई. वडील गिरणीत होते. त्यांच्याकडेही एक शेअर होता, पण तो 'अपना बाजार'चा. मुंबईच्या कामगार वस्तीत १९४८ साली उभी राहिलेली ही ग्राहकांची सहकारी संस्था. तिचे सभासद म्हणजे तिचे गिऱ्हाईक आणि तेच तिचे मालक. कोणाकडे एक भाग असो की शंभर, मत एकच. पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारच्या चार बायकांनी एकत्र येऊन महिन्याचे सामान घाऊक मागवायचे आणि वाटून घ्यायचे, ही पद्धत तिने घराघरात नेली. स्वस्त आणि चोख मालासाठी आपण एकत्र यावे, ही कल्पना मराठी माणसाला परकी नव्हती. त्यासाठी दलाल स्ट्रीटवर जावे, ही मात्र होती.

त्या रस्त्याने जे गेले त्यांचे अनुभवही काही बोध घ्यावेत असेच होते. १९९२ साली हर्षद मेहताच्या तेजीत गावोगावच्या मास्तर-कारकुनांनी युनिट ट्रस्टच्या 'मास्टरगेन'चे अर्ज रांगा लावून भरले आणि पुढे वर्षानुवर्षे त्याचे भाव पाहून उसासे टाकले. जुलै २००१ मध्ये त्याच ट्रस्टने यूएस-६४ योजनेची खरेदी-विक्री थांबवली, तेव्हा सरकारी म्हणजे सुरक्षित ही समजूतही गेली. 'आपली ती बँक' म्हणून जिच्यावर आमच्या जिल्ह्याने विश्वास टाकला, त्या पेण अर्बन बँकेचे व्यवहार २०१० साली ठप्प झाले. ठेवीदारांची त्यानंतरची वर्षे मोर्चात आणि कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर गेली. तेव्हा ठेवींचा विमा फक्त एक लाखाचा होता. तो पाच लाख झाला २०२० साली. तात्पर्य, शेअर म्हणजे जुगार आणि ठेव म्हणजे देवाची मूर्ती, इतके सोपे गणित कधीच नव्हते. पैसे कुठे ठेवले यापेक्षा ते ठेवताना आपण काय पाहिले, याला महत्त्व होते. आणि आपण बहुधा काही पाहत नव्हतो.

मीही पाहिले नव्हते. मार्च २०१७ मध्ये भाच्याचा फोन आला. "मामा, डी-मार्टचा आयपीओ येतोय, तुमच्या नावाने अर्ज टाकतो." किमान अर्ज पन्नास शेअरांचा, भाव २९९ रुपये, एकूण १४,९५० रुपये. लागला नाही तर पैसे बँकेतून हलणारही नाहीत, म्हणाला. मी होकार दिला तो भाच्याला नाही म्हणवेना म्हणून. मागणी शंभरपटींहून अधिक झाली, लहान गुंतवणूकदारांसाठी सोडत निघाली आणि जन्मात सोडतीत तांब्याही न लागलेल्या मला पन्नास शेअर लागले. २१ मार्चला बाजारात पहिला भाव पुकारला गेला तो सहाशेच्या पुढचा. पंधरा हजारांचे तीस हजार, एका सकाळी! भाचा म्हणाला, "विकून टाका." मी म्हणालो, "राहू दे." यात शहाणपणाचा भाग शून्य होता. डिमॅट खात्यातून विकायचे कसे, हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर मात्र मी अभ्यासाला लागलो, कारण आपल्याला फुकट मिळालेली गोष्ट काय आहे हे कळून घेण्याची खोड मास्तरला असते. राधाकिशन दमाणी हे मूळचे शेअर बाजारातले मोठे गुंतवणूकदार. दुकानदारीत उतरण्याआधी त्यांनी १९९९ च्या सुमारास नेरूळला एक दुकान चालवायला घेतले, ते 'अपना बाजार'चेच! वडिलांच्या त्या जुन्या भागाचा असा धागा निघेल असे वाटले नव्हते. तिथे धंद्याची नस पाहून २००२ साली त्यांनी पवईला पहिले डी-मार्ट उघडले. मार्च २०१७ मध्ये दुकाने होती १३१. मार्च २०२५ मध्ये ४१५. यात चमत्कार काही नाही. उलट, इतरांच्या मानाने ही चाल धिमीच म्हणावी लागेल.

या धंद्याची रीत आपल्या आजीला एका बैठकीत समजली असती. एक, शक्यतो जागा स्वतःची घ्यायची, म्हणजे दर महिन्याला भाड्याची घंटा नको. दोन, माल देणाऱ्याचे पैसे इतरांसारखे महिना-दोन महिने न लटकवता थोड्याच दिवसांत चुकते करायचे. रोखीच्या गिऱ्हाइकाला कोण भाव कमी करून देत नाही? तीन, ती सवलत स्वतःच्या खिशात न घालता छापील किमतीतून कमी करायची, म्हणजे माल फळीवर पडून राहत नाही. चार, थाटमाटावर खर्च नको. २०२४-२५ या वर्षात कंपनीची विक्री ५९ हजार कोटींच्या पुढे होती आणि नफा सुमारे २,७०० कोटी. शंभर रुपयांच्या विक्रीमागे साडेचार रुपये. एवढ्या बारीक नफ्यावर उभा राहिलेला धंदा जरा चुकला तरी कोसळतो.

कोसळलेले आपण पाहिलेही आहेत. चेन्नईच्या 'सुभिक्षा'ने देशभर सोळाशेच्या आसपास दुकाने उघडली आणि २००९ साली सगळ्यांना कुलपे लागली. 'बिग बझार'मध्ये तर २६ जानेवारीला पाय ठेवायला जागा नसे. पण भाड्याच्या जागा, वाढते कर्ज आणि त्यात कोविड. २०२२ साली त्यांची कित्येक दुकाने रिलायन्सने ताब्यात घेतली आणि पुढे ती कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. दुकानात गर्दी दिसते म्हणून शेअर घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. गर्दी दोन्हीकडे होती. जागेचे भाडे आणि कर्जाचे हप्ते गर्दीत दिसत नाहीत. मी ढकलगाड्या मोजतो त्याला सौ. हसते ते यासाठीच योग्य आहे.

आता भावाविषयी. इथे मी आमच्या सुपारीच्या वाडीचा आधार घेतो. मार्च २०२५ मध्ये या शेअरचा भाव चार हजारांच्या आसपास होता. म्हणजे माझ्या पन्नास शेअरांची किंमत दोन लाख रुपये. आणि त्या वर्षाच्या नफ्यातला माझा वाटा किती? साधारण २,०८० रुपये. तोही हातात नाही. बाजारात आल्यापासून कंपनीने लाभांश दिलेला नाही, सगळा नफा नव्या दुकानांत जातो. उद्या मला कोणी सांगितले, "मास्तर, दोन लाखांना वाडी देतो, खर्च वजा जाता वर्षाला दोन हजार सुटतात," तर मी त्याला पाणी विचारून वाटेला लावीन. पण तोच म्हणाला, "वाडीत आज शंभर झाडे आहेत, दरवर्षी नवी रोपे लागताहेत, पाण्याचा पाट स्वतःचा आहे," तर मी विचारात पडेन. सुपारीचे रोप धरायला पाच-सहा वर्षे घेते. आपण पैसे मोजतो ते अजून न धरलेल्या सुपारीचे. आणि न धरलेल्या सुपारीचे किती मोजावेत, याला मर्यादा आहे, कारण मध्ये वादळही येते.

हे मला आज सुचते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुचले नाही.

तो भाग सांगण्याआधी आमच्या शेठची ओळख करून द्यायला हवी. आमच्या आळीच्या तोंडाशी त्यांचे किराणा दुकान. वडिलांपासूनचे. किनाऱ्यावरच्या वाण्याची कमाई मालावर असते त्यापेक्षा वहीवर जास्त चालते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यातल्या घरांची चूल शेठच्या वहीवर पेटते आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या लागल्या की हळूहळू फिटते. काही फिटतही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. आमच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले पाचोळ्यासारखी उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती, टाळेबंदी होतीच. शेठच्या दुकानाचे निम्मे पत्रे गेले. संध्याकाळी उरलेल्या निम्म्यात कंदील लावून ते बसले आणि जो येईल त्याला तांदूळ, मीठ, मेणबत्त्या देत राहिले. कोणाकडे रोकड नव्हती, बँका-एटीएम बंद. वहीची पाने भिजलेली, म्हणून त्यांनी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर नावे लिहिली. त्यात माझेही नाव होते. त्या दिवशी माझे पन्नास शेअर लाखाच्या वर होते आणि घरात काडेपेटी नव्हती.

दीड वर्षाने, २०२१ च्या दसऱ्याला, आपट्याची पाने घेऊन शेठ घरी आले. पाने दिली, बसले आणि चहा निम्मा झाल्यावर म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडे त्या डी-मार्टचे शेअर आहेत म्हणतात. मलाही थोडे काढून द्या."

मी चमकलो. म्हणालो, "शेठ, तुम्ही?"

"का? पोरगा पनवेलला राहिला, तो इथे बसायचा नाही. गावातली नोकरदार मंडळी महिन्याचे सामान गाडीतून आणतात, माझ्याकडे येतात ती कोथिंबिरीला आणि उधारीला. जो माझा घास घेणार, त्याच्या ताटात माझा एक घास नको का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे तर होते. तेव्हा मी सांगायला हवे होते की शेठ, भाव पाच हजारांच्या वर आहे, आणि एवढ्या भावाला माझ्या पन्नास शेअरांच्या वाट्याचा त्या वर्षीचा नफा बाराशे रुपयेसुद्धा भरत नाही, थांबा. पण साडेचार वर्षांत पंधरा हजारांचे अडीच लाखांवर गेलेले पाहून माझे डोके जागेवर नव्हते. आपल्याला कळते, असे मला वाटू लागले होते. दसऱ्याला बाजार बंद. त्यानंतरच्या सोमवारी भाव ५,९०० च्या घरात जाऊन आला आणि त्याच दिवशी साडेपाच हजारांच्या पुढेमागे शेठनी आठ शेअर घेतले. ते घेताहेत म्हणून मीही निवृत्तीच्या पैशांतून दहा घेतले. माझ्या शब्दावर त्यांचे चव्वेचाळीस हजार गेले.

पुढे काय झाले ते आकड्यांतच सांगतो. कंपनीचा नफा २०२१-२२ मध्ये दीड हजार कोटींच्या आसपास होता, तो तीन वर्षांत २,७०० कोटींवर गेला. दुकाने वाढली, विक्री वाढली. आणि भाव साडेपाच हजारांवरून चार हजारांच्या आसपास आला! ऑक्टोबर २०२४ मध्ये तर एका दिवसात आठ-नऊ टक्के घसरला, कारण मोठ्या शहरांत मोबाइलवर मागवून दहा मिनिटांत किराणा घरी येऊ लागला होता आणि डी-मार्टच्या शहरी दुकानांना त्याची झळ लागल्याचे दिसत होते. शेठचा घास घेणाऱ्याच्या ताटावरही कोणीतरी येऊन बसले होते. माझे ते पंचावन्न हजार मार्च २०२५ मध्ये चाळीस हजार झाले होते. साध्या मुदत ठेवीत ठेवले असते तरी पासष्टपर्यंत गेले असते.

धंदा चांगला होता. त्याचा भाव वाईट होता. एकाच कंपनीत, एकाच माणसाने, एकदा नशिबाने स्वस्तात आणि एकदा हावेने महाग घेतले. पहिल्याने मी शहाणा ठरलो नाही आणि दुसऱ्याने कंपनी वाईट ठरली नाही. चूक फक्त माझी.

शेठकडे मी गेलो, ते गेल्या पाडव्याच्या आधी. बरेच दिवस त्यांच्यापुढे हा विषय टाळत होतो. म्हणालो, "शेठ, माझ्यामुळे तुमचे बारा हजार अडकले." ते तागडीवर गूळ ठेवत होते. वर न बघता म्हणाले, "मास्तर, एवढी उधारी माझी दरवर्षी बुडते. ती माणसे निदान तोंड तरी चुकवतात. तुम्ही आलात." आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

मला विचाराल, तर अशा कंपन्यांचे शेअर मराठी कुटुंबांनी घ्यावेत, असेच माझे मत आहे. महिन्याचे पाच-सात हजार आपण ज्या दुकानात ओततो, त्याच्या वाढीत आपला कवडीचा वाटा नसावा आणि आपण फक्त पिशव्या उचलाव्यात, यात कसली नीती आहे? वडिलांच्या पिढीने सहकारातून ती मालकी घेऊन पाहिली. आज ती ज्या वाटेने मिळते, त्या वाटेने घ्यावी. पण पुढची पाच-सात वर्षे लागणार नाहीत एवढ्याच पैशांतून घ्यावी. औषधपाण्याच्या आणि मुलीच्या लग्नाच्या पैशांतून घेऊ नये. महिन्याच्या खर्चाला ज्याला व्याज लागते, त्याने लाभांश न देणाऱ्या कंपनीच्या वाटेला जाऊ नये. झाडावरची सुपारी विळीवर कातरता येत नाही. एकाच कंपनीत सगळे घालू नये, मग ती कितीही ओळखीची असो. आणि घेण्याआधी कागदावर वाडीचा तो हिशेब मांडावा: मी किती देतो आहे आणि त्यातून आज किती सुटते आहे. सातवीच्या मुलाला येईल असा हिशेब आहे. तो न मांडता मी दहा शेअर घेतले, हे माझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर जाऊ नये एवढीच इच्छा.

आणखी एक. आपल्याला जे थोडे कळले, त्याच्या जोरावर दुसऱ्याला सल्ला देऊ नये. आपले बुडाले तर आपण गिळून टाकतो. दुसऱ्याचे बुडाले की त्याच्या दुकानावरून जाताना मान खाली जाते.

राहता राहिला वहीचा प्रश्न. ताळेबंदात तिला रकाना नाही. वादळाच्या संध्याकाळी कंदील लावून बसण्याचा भाव कुठल्याही बाजारात पुकारला जात नाही, आणि खारघरच्या दुकानाने तो लावावा अशी माझी अपेक्षाही नाही. तो त्याचा धंदा नाही. मात्र आमच्या किनाऱ्याला दोन्ही लागतात, आणि दुसरे टिकवायचे तर ते आम्हीच टिकवले पाहिजे. सौ.ने यावर कधी लेख लिहिला नाही, पण तिची यादी आता दोन कागदांवर असते. तेल, साबण, डाळी खारघरहून. तांदूळ, गूळ, पोहे, चहा, उदबत्ती शेठकडून, आणि तेही रोख. दोन रुपये जास्त पडतात हे तिला ठाऊक आहे. मी एकदा तो फरक वर्षाला किती होतो ते काढून दाखवले. तिने कागद पाहिला, घडी करून डब्यात ठेवला आणि म्हणाली, "हा विम्याचा हप्ता समजा."

पन्नास शेअर मी अजून ठेवले आहेत. ते दहाही. शेठनीही त्यांचे आठ विकलेले नाहीत. मधूनमधून मी दुकानात गेलो की ते विचारतात, "काय मास्तर, आपल्या दुकानात गर्दी कशी आहे?" मी आकडा सांगतो. मग ते माझ्या पिशवीत सामान भरू लागतात.